सीएलएलचा मार्कर रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुढची वर्षं लक्ष कसं ठेवायचं

साठीच्या आसपासच्या माणसाचा नेहमीच्या तपासणीत सीबीसी होतो आणि पांढऱ्या पेशी २४,००० निघतात. ताप नाही, खोकला नाही, माणूस रोज फिरायला जातोय. डॉक्टर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा (मार्कर) पाहणारी तपासणी, सांगतात आणि चार-पाच दिवसांनी रंगीत ठिपक्यांच्या चौकोनांचा, सीडी५, सीडी१९, सीडी२३ अशा नावांचा रिपोर्ट हाती येतो. घरातलं कुणीतरी रात्री मोबाइलवर एकेक आकडा शोधत बसतं, '९२ टक्के' वाचतं आणि हादरतं. त्या घरच्या माणसासाठी हे लिहितो आहे.

सगळ्या रिपोर्टांना दोनच प्रश्न विचारायचे. हा टक्का कशाचा? आणि आजाराच्या या टप्प्यावर ही तपासणी कशासाठी केली? पुढचं सगळं याच दोन प्रश्नांभोवती आहे. उपचाराचा निर्णय रक्ततज्ज्ञच घेतील, पण त्यांच्यासमोर बसताना रिपोर्ट कळलेला असला की त्या दहा-पंधरा मिनिटांत खूप काही विचारून होतं.

आधी आजाराचं पूर्ण नाव पाहा

'क्रॉनिक ल्युकेमिया' एवढ्यावर थांबू नका. इथे लिहिलेलं बहुतेक सगळं क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाबद्दल, म्हणजे सीएलएलबद्दल आहे. हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा पूर्ण वेगळा आजार. त्यावर लक्ष ठेवायचं ते बीसीआर-एबीएल१ या जनुकाच्या पीसीआर तपासणीने, पेशींवरच्या मार्करने नव्हे. सीएमएलच्या रुग्णाने दर तीन महिन्यांनी फ्लो सायटोमेट्री करून घेणं म्हणजे पैसे आणि रक्त दोन्ही वाया. हेअरी सेल ल्युकेमियाही दीर्घ चालणाराच, पण त्याचे मार्कर निराळे: सीडी१०३, सीडी२५, सीडी११सी, सीडी१२३. पाश्चात्त्य देशांत प्रौढांमध्ये सीएलएल हा सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया आहे. आपल्याकडे त्याचं प्रमाण कमी, म्हणून ओळखीत कुणाला झालेला नसतो आणि भलत्याच ल्युकेमियाची माहिती वाचून घाबरायला होतं.

नमुना देताना

रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत किंवा हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन नळीत घेतात. पेशी जिवंत हव्यात, म्हणून नळी खोलीच्या तापमानाला ठेवायची. ती गोठवायची तर मुळीच नाही. साधारण २४ ते ४८ तासांत नमुना यंत्रावर गेला पाहिजे. नांदेड, लातूर, रत्नागिरीकडून नमुना मुंबई-पुण्याला जाणार असेल तर शनिवारी संध्याकाळी रक्त देऊ नका. रविवार मध्ये आला की पेशी मरायला लागतात आणि रिपोर्टावर 'नमुना अपुरा' असा शेरा येतो. सोमवार ते बुधवार उत्तम.

त्याच दिवशी सीबीसीही करून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण टक्क्यांचे आकडे पेशींच्या संख्येत बदलायला त्याच दिवसाचा सीबीसी लागतो. फॉर्मवर चालू औषधं लिहा. रिटुक्सिमॅब किंवा ओबिनुटुझुमॅब कधी दिलं होतं तर त्याची तारीख हमखास लिहा. त्याचं कारण पुढे येईल.

सीएलएलच्या निदानाला बहुतेक वेळा रक्तच पुरतं, बोन मॅरोची, म्हणजे हाडातला मगज काढून तपासण्याची, गरज नसते. कुणी पहिल्याच भेटीत मॅरो सांगितला तर कशासाठी ते जरूर विचारा. कधी कधी कारण असतं, उदाहरणार्थ प्लेटलेट कमी आहेत आणि त्या का कमी आहेत ते कळत नाही.

मार्कर म्हणजे काय आणि सीएलएलची ओळख कशी पटते

प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं असतात. त्यांना क्रमांक देऊन जगभर एकच नाव वापरायची पद्धत १९८२ साली पॅरिसमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेपासून सुरू झाली. सीडी आणि पुढे आकडा, ही ती नावं. प्रयोगशाळेत या प्रथिनांना चिकटणारी, चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडं रक्तात मिसळतात आणि पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडतात. कोणती पेशी कोणत्या रंगात किती चमकली याची नोंद यंत्र ठेवतं. रिपोर्टातल्या चौकोनात एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी.

सीडी१९ ही बी लिम्फोसाइटची खूण. सीडी५ एरवी टी लिम्फोसाइटवर असतो. सीएलएलची पेशी बी जातीची असूनही तिच्यावर सीडी५ असतो, आणि निदानाची सुरुवात इथूनच होते. म्हणून रिपोर्टात सीडी५ आणि सीडी१९ वेगवेगळे किती टक्के आहेत ते शोधू नका. 'सीडी५ आणि सीडी१९ एकाच पेशीवर' अशी ओळ शोधा. अंगात टी पेशी असतातच, त्यामुळे सुटा सीडी५ कुणाच्याही रक्तात दिसेल.

त्यापुढे चार गोष्टी पाहतात. सीडी२३ असतो. एफएमसी७ नसतो. पेशीच्या पृष्ठभागावरचं इम्युनोग्लोब्युलिन फिकं असतं. आणि सीडी७९बी किंवा सीडी२२ फिका किंवा नसलेला असतो. सीडी५ धरून या पाच गोष्टींना एकेक गुण देतात. हीच माट्युटेस गुणपद्धती. ४ किंवा ५ गुण म्हणजे नेहमीचा सीएलएल. ० ते २ म्हणजे दुसऱ्या बी पेशींच्या आजाराचा विचार करायचा. ३ आले तर आणखी तपासणी. रिपोर्टात 'डिम' म्हणजे मार्कर आहे पण फिका, 'ब्राइट' म्हणजे ठळक. सीएलएलमध्ये सीडी२० डिम असतो. हा फिकेपणा ओळखीचाच भाग आहे, त्यात वाईट काही नाही.

आणखी एक ओळ येते: कॅपा आणि लॅम्डा. निरोगी बी पेशींत कॅपाच्या पेशी लॅम्डाच्या साधारण दुप्पट असतात. एकाच पेशीपासून वाढलेल्या आजारी पेशींत मात्र सगळ्यांवर दोहोंपैकी एकच असतो. 'कॅपा रिस्ट्रिक्टेड' किंवा 'लॅम्डा रिस्ट्रिक्टेड' याचा अर्थ एवढाच. कोणता आला यावरून आजार बरा की वाईट ते ठरत नाही.

जपायचं ते मँटल सेल लिम्फोमापासून. त्यातही सीडी५ असतो, पण सीडी२३ आणि सीडी२०० बहुधा नसतात आणि सीडी२० ठळक दिसतो. त्याचे उपचार वेगळे, वागणूकही वेगळी. म्हणून सीडी२०० पाहिलेला नसेल आणि गुण ३ वर अडकले असतील तर सायक्लिन डी१ किंवा ११ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांतली अदलाबदल तपासली का, हे डॉक्टरांना विचारा. या एका प्रश्नाने पुढची चुकीची वाट टळू शकते.

टक्क्यांची संख्या करा

या पायरीवर सर्वांत जास्त घोटाळा होतो, म्हणून सावकाश जाऊ.

समजा पांढऱ्या पेशी २४,००० आहेत आणि लिम्फोसाइट ७५ टक्के. म्हणजे लिम्फोसाइट १८,०००. फ्लोच्या रिपोर्टात लिम्फोसाइटपैकी बी पेशी ८८ टक्के लिहिल्या आहेत. १८,००० चे ८८ टक्के म्हणजे १५,८४०. एका मायक्रोलिटर रक्तात एवढ्या बी पेशी. रिपोर्टात पुढे लिहिलंय, 'बी पेशींपैकी ९२ टक्क्यांवर सीडी५ आणि सीडी१९ एकत्र'.

आता दुसरा माणूस घेऊ. पांढऱ्या पेशी ११,०००, लिम्फोसाइट ५५ टक्के, म्हणजे ६,०५०. त्यातल्या बी पेशी ६२ टक्के, म्हणजे ३,७५१. याच्याही रिपोर्टात 'बी पेशींपैकी ९२ टक्के' हीच ओळ आहे.

दोघांचा ठळक छापलेला आकडा एकच, पण पहिल्याला सीएलएल आहे आणि दुसऱ्याला नाही. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सीएलएल म्हणायला एका मायक्रोलिटरमध्ये कमीत कमी ५,००० क्लोनल, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या, बी पेशी, त्याही किमान तीन महिने टिकलेल्या, असाव्या लागतात. त्याहून कमी असतील, गाठी किंवा प्लीहा वाढलेली नसेल आणि हिमोग्लोबिन-प्लेटलेट ठीक असतील, तर त्याला मोनोक्लोनल बी सेल लिम्फोसायटोसिस म्हणतात. तो ल्युकेमिया नव्हे. असा क्लोन ५०० च्या वर असलेल्यांपैकी दरवर्षी साधारण १ ते २ टक्के लोकांना पुढे उपचार लागतात. बाकीच्यांना वर्षाकाठी एखादा सीबीसी आणि तपासणी एवढंच. पेशी ५,००० च्या खाली पण मानेत, काखेत गाठी असतील, तर तोच आजार गाठींच्या रूपात असतो आणि त्याला स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा म्हणतात.

तेव्हा रिपोर्टातल्या प्रत्येक टक्क्याशेजारी पेन्सिलीने लिहा: एकूण पांढऱ्या पेशींपैकी, लिम्फोसाइटपैकी, की बी पेशींपैकी. रिपोर्टात लिहिलं नसेल तर लॅबला फोन करून विचारायला संकोच नको. तो तुमचा हक्क आहे.

भविष्य सांगणारे मार्कर: कितपत धरायचे

सीडी३८ आणि सीडी४९डी हे ३० टक्के किंवा अधिक पेशींवर असतील तर आजार लवकर पुढे सरकण्याची शक्यता जास्त, असं मोठ्या गटांत दिसलं आहे. दोघांपैकी सीडी४९डी जास्त भरवशाचा. झॅप-७० पेशीच्या आत असतो. त्याची मोजणी लॅबनुसार बदलते, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नये. सीडी३८सुद्धा त्याच माणसात पुढेमागे बदलू शकतो.

खरं वजन आहे ते जनुकांच्या तपासण्यांना. आयजीएचव्ही जनुकात २ टक्क्यांहून अधिक बदल झालेले असतील तर 'म्युटेटेड', आणि तो आजार सहसा संथ. हे १९९९ मध्ये दोन वेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवलं. म्युटेटेड हा शब्द ऐकून लोक धसकतात, इथे मात्र तीच चांगली बातमी. दुसरी तपासणी १७ व्या गुणसूत्राचा आखूड भाग गळाला आहे का आणि टीपी५३ जनुक बिघडलं आहे का याची. हे बिघडलेलं असेल तर नेहमीच्या किमोथेरपीचा उपयोग फार कमी होतो आणि गोळ्यांच्या नव्या औषधांकडे जावं लागतं. टीपी५३ न पाहता किमो सुरू करणं मला पटत नाही. तपासणी महाग वाटली तरी हा खर्च टाळू नका. मुंबईत टाटा मेमोरियल आणि खारघरचं अॅक्ट्रेक यांच्या प्रयोगशाळांत रक्ताच्या कर्करोगाच्या मार्कर आणि जनुकांच्या तपासण्यांचं मोठं काम चालतं. कुठेही गेलात तरी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटून कोणती तपासणी कोणत्या योजनेत बसते ते आधीच विचारून घ्या.

नुसतं लक्ष ठेवायच्या काळात

निदान झालं आणि डॉक्टर म्हणाले, 'आता औषध नको, तीन महिन्यांनी या', की घरात अस्वस्थता पसरते. कर्करोग म्हणता आणि औषध देत नाही? पण लक्षणं नसताना किमो लवकर सुरू करून आयुष्य वाढत नाही, हे अनेक चाचण्यांत तपासून झालेलं आहे. हा काळ वर्षानुवर्षं चालू शकतो. काही जणांना कधीच उपचार लागत नाहीत.

या काळात मार्करची तपासणी पुन्हा पुन्हा करायची नाही. पेशींची ओळख एकदा पटली की ती पटली. दर तीन ते सहा महिन्यांनी सीबीसी आणि डॉक्टरांच्या हाताने गाठी-प्लीहा तपासणं एवढं पुरतं. एका वहीत पाच रकाने करा: तारीख, लिम्फोसाइटची संख्या, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, वजन. लिम्फोसाइटची संख्या म्हणजे टक्के नव्हेत. टक्के ८० वरून ८५ झाले यात काही कळत नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा.

उपचाराकडे वळवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली उतरणं. प्लीहा बरगडीखाली ६ सेंटिमीटरहून जास्त येणं किंवा १० सेंटिमीटरहून मोठ्या गाठी. सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणं, संसर्ग नसताना दोन आठवडे ३८ अंशांच्या वर ताप, महिनाभर रात्री कपडे भिजवणारा घाम, रोजची कामं अडवणारा थकवा. आणि लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं किंवा दोन महिन्यांत ५० टक्क्यांहून अधिक वाढणं. यातला शेवटचा निकष जपून वापरायचा. संख्या ३०,००० च्या खाली असताना ती दुप्पट झाली एवढ्यावरून उपचार सुरू करत नाहीत. मध्ये संसर्ग झाला किंवा स्टेरॉइड घेतलं तरी आकडा वर जातो. एका रिपोर्टावरून उडी मारू नका, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन महिन्यांचे आकडे मांडा.

पेशी लाखावर गेल्या म्हणून रक्त घट्ट होईल ही भीती सीएलएलमध्ये क्वचितच खरी ठरते. नुसत्या मोठ्या आकड्यासाठी औषध सुरू करत नाहीत.

उपचार चालू असताना

इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब, झानुब्रुटिनिब या गोळ्या सुरू केल्या की पहिल्या काही आठवड्यांत लिम्फोसाइट वाढतात. गाठींत बसलेल्या पेशी रक्तात बाहेर पडतात म्हणून असं होतं. गाठी मऊ होत असतात, माणसाला बरं वाटत असतं आणि आकडा मात्र चढतो. या वेळी घाबरून गोळी बंद करणं हे मोठं नुकसान. या गोळ्यांवर रक्तातल्या शेवटच्या पेशीपर्यंत सफाई क्वचितच होते आणि ते त्यांचं उद्दिष्टही नाही. आजार आटोक्यात राहतो तोवर गोळी चालू. म्हणून फक्त यांपैकी एकच गोळी घेणाऱ्याने उरलेल्या पेशींची महागडी तपासणी करून घ्यायची गरज सहसा नसते.

रिटुक्सिमॅब किंवा ओबिनुटुझुमॅब देण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली का, हे मात्र पाहाच. जुना, शांत पडलेला विषाणू या औषधांनी उसळू शकतो.

उरलेल्या पेशी मोजणं

ठरावीक मुदतीचा उपचार, जसं व्हेनेटोक्लॅक्स आणि ओबिनुटुझुमॅबचं वर्षभराचं वेळापत्रक, संपल्यावर एमआरडी, म्हणजे उरलेल्या थोड्याशा आजाराच्या, तपासणीचा प्रश्न येतो. सीबीसी नॉर्मल असतानाही मागे किती आजारी पेशी उरल्या ते ती सांगते. इथे मार्कर पुन्हा कामाला येतात. उपचार संपून किमान दोन महिने झाल्यावर ती करावी, आधी केलेली फसवी ठरू शकते.

मापाचा उंबरठा १०,००० पांढऱ्या पेशींत एक आजारी पेशी, म्हणजे ०.०१ टक्के. त्याखाली असेल तर 'अनडिटेक्टेबल' म्हणतात. इथे टक्के एकूण पांढऱ्या पेशींचे धरतात, लिम्फोसाइटचे नव्हेत. हा बदल ध्यानात ठेवा.

आणि रिपोर्टात सर्वांत आधी हे पाहा: यंत्राने एकूण किती पेशी मोजल्या? आजारी पेशींचा गट 'दिसला' म्हणायला साधारण २० पेशी आणि त्याचा आकडा विश्वासाने सांगायला ५० पेशी तरी लागतात. लॅबने ५०,००० पेशीच मोजल्या असतील तर २० भागिले ५०,०००, म्हणजे ०.०४ टक्क्यांखालचं तिला दिसणारच नाही. अशा रिपोर्टावर 'निगेटिव्ह' छापलेलं असलं तरी ०.०१ टक्क्यांचा दावा त्यातून सिद्ध होत नाही. ५ लाख पेशी मोजल्या तर २० पेशी म्हणजे ०.००४ टक्के, आणि ५० पेशी म्हणजे नेमके ०.०१ टक्के. एकूण पेशी आणि संवेदनशीलता या दोन्ही गोष्टी छापलेल्या नसतील तर रिपोर्ट अपुरा आहे. तो परत पाठवून मागून घ्या.

युरोपातल्या एरिक या संशोधकगटाने या कामासाठी सहा मुख्य मार्कर ठरवले: सीडी१९, सीडी५, सीडी२०, सीडी४३, सीडी७९बी आणि सीडी८१. सीडी२० वर एकट्यावर का विसंबत नाहीत, तर रिटुक्सिमॅब आणि ओबिनुटुझुमॅब याच सीडी२० ला चिकटून बसतात. औषध अंगात असेतो तो मार्कर झाकला जातो आणि नसल्यासारखा दिसतो. फॉर्मवर औषधाची तारीख हमखास लिहायला सांगितली ती यासाठी. मॅरोच्या नमुन्यात उपचारांनंतर नव्याने वाढणाऱ्या लहान बी पेशीही भरपूर असतात. त्यांच्यावर सीडी८१ ठळक असतो, सीएलएलच्या पेशींवर फिका. अनुभवी डोळा नसेल तर इथे गफलत होते.

तपासणी रक्तापासून सुरू करा. रक्तातच आजार दिसला तर मॅरो काढून नवं काही कळणार नाही. रक्त स्वच्छ असेल तरी मॅरोत पेशी राहिलेल्या असू शकतात, विशेषतः सीडी२० विरोधी औषधांनंतर, कारण ती रक्त लवकर साफ करतात.

आकडा आला, आता काय? मुदतीच्या उपचारानंतर अनडिटेक्टेबल आलेल्यांना आजार परतण्याआधी सरासरीने अधिक काळ मिळतो. ब्रिटनमधल्या फ्लेअर चाचणीत एमआरडी पाहून इब्रुटिनिब-व्हेनेटोक्लॅक्स किती काळ द्यायचं ते ठरवलं, आणि २०२३ मध्ये आलेले तिचे निकाल उत्साह वाढवणारे होते. तरी चाचणीबाहेर, रोजच्या दवाखान्यात, नुसत्या एमआरडीच्या आकड्यावर औषध थांबवणं किंवा वाढवणं अजून रूढ नाही. एमआरडी पॉझिटिव्ह आला, माणूस ठणठणीत आहे, सीबीसी नॉर्मल आहे, तर लगेच उपचार नाहीत. आकडा वहीत लिहा, पुढच्या भेटी वेळेवर करा.

आजार परतला तर

परतलेल्या आजारालाही आधी सांगितलेलेच निकष लागू. लिम्फोसाइट वाढू लागले म्हणजे दुसऱ्या दिवशी औषध असं नाही. पण एखादीच गाठ झपाट्याने वाढली, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम अचानक चढलं, वजन उतरलं, तर रक्ताच्या मार्करवर वेळ घालवू नका. हे आक्रमक लिम्फोमात रूपांतर असू शकतं. ते रक्ताच्या फ्लोमध्ये बहुधा दिसत नाही. पेट स्कॅन करून, सर्वांत जास्त चमकणाऱ्या गाठीची बायोप्सीच करावी लागते.

नवा उपचार ठरवण्याआधी आयजीएचव्ही पुन्हा करू नका, तो जन्मभर बदलत नाही. पहिला रिपोर्ट फाइलमध्ये जपला असेल तर तो खर्च वाचतो. १७ व्या गुणसूत्राची आणि टीपी५३ ची तपासणी मात्र प्रत्येक नव्या उपचाराआधी नव्याने करायची, कारण पहिल्या वेळी नसलेला बिघाड मधल्या वर्षांत येऊ शकतो.